ज्याचा हात, त्याचा नकाशा

भाऊ,

तुमच्या तेरवीच्या पंगतीतच मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी मला गाठलं. म्हणाले, रविवारी दुपारी समाजमंदिरात शोकसभा ठेवली आहे, तुम्ही यादोराव भाऊंचे फोटो जमवा, पडद्यावर दाखवा आणि मागे एखादं रडवणारं गाणं लावा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? आपल्या भागातल्या कुठल्याही गावात प्रोजेक्टर लागला की लोकांना आपण दोघंच आठवतो.

घरी येऊन फोटो शोधले तर शंभरावर निघाले. मच्छीमार सोसायटीच्या सभेत बोलणारे तुम्ही, जाळं खांद्यावर टाकलेले तुम्ही, कुणाच्या तरी हस्ते शाल घेताना अवघडलेले तुम्ही. संध्याकाळपर्यंत चाळीस स्लाइड झाल्या. प्रत्येकीवर गावाचं नाव, कार्यक्रमाचं नाव आणि खाली दोन ओळींचा सुविचार. मग सवयीने लॅपटॉप स्टुलावर ठेवला, दहा पावलं मागे गेले आणि तुमच्या नजरेने पाहिलं. तिसऱ्या स्लाइडलाच तुम्ही तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायच्या निमित्ताने उठून गेला असता. स्वतःवरच वैतागले आणि एकेक पुसत गेले. शेवटी तीन उरल्या. तिन्हींत तुम्ही नाही.

लिहायला बसले ती त्या तीन स्लाइडसाठी. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती आणि तुम्ही रोज दोन टेबलं सोडून बसत होतात. म्हणजे वेळच मिळाला नाही, असं म्हणायचीही सोय नाही.

आपली पहिली भेट तुम्ही फार रंगवून सांगायचात आणि दर वेळी माझ्या स्लाइडवरच्या ओळी वाढायच्या. खऱ्या ओळी चौदा होत्या. मी दवनीवाड्याची, गोंदियात कॉम्प्युटर शिकलेली, अर्जुनी मोरगावच्या आपल्या छोट्या संस्थेत नवीन लागलेली. घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि मराठी फक्त पुस्तकातली. तुमच्या गावी मत्स्यबीजाची माहिती द्यायला आले होते. समाजमंदिराच्या भिंतीवर धोतर ताणून पडदा केला होता. मी लोकांकडे पाठ करून चौदाच्या चौदा ओळी मोठ्याने वाचल्या, मग पुढच्या स्लाइडवरच्या, मग तिच्या पुढच्या. वळून पाहिलं तेव्हा निम्मे लोक निघून गेले होते. मागच्या भिंतीला टेकून सोसायटीचे सचिव तेवढे बसले होते, म्हणजे तुम्ही.

"वाचता तं आमालेबी येते थोडंफार," तुम्ही म्हणालात. "मंग तुमी कायले आल्या?"

मला इतका राग आला की प्रोजेक्टरची वायर गुंडाळताना पिनच वाकली. पोवाराच्या शिकलेल्या पोरीला मासे धरणाऱ्या एका ढिवराने सगळ्यांदेखत ऐकवलं, हेही त्या रागात होतं. तेव्हा कबूल केलं नसतं, आता करते. पुढच्या वर्षी तुम्ही आपल्याच संस्थेत कामाला आलात आणि मग मला रोजच ऐकावं लागलं.

तुम्ही तरुणपणी गावच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतात. विंगेत उभं राहायचं, नटाला ऐकू यायचं आणि कुणाला दिसायचं नाही. दहावीनंतरची तुमची सगळी शाळा त्या विंगेतच झाली. पन्नाशीला टेकल्यावर तुम्ही दोन बोटांनी टाइप करायला शिकलात आणि महिन्याभरात माझं काय चुकतं ते तुमच्या भाषेत माझ्यापुढे मांडलंत. "स्लाइड म्हंजे प्रॉम्प्टर. नट तू हायेस. तू पडद्याले नट करून राहिली, आन् सोता विंगेत लपून राहिली." मी म्हटलं, मला लोकांसमोर उभं राहायची भीती वाटते. तुम्ही म्हणालात, वाटू दे, ज्याला भीती वाटते तोच वाक्यं पाठ करून येतो.

कोणतीही स्लाइड गावात जायच्या आधी वहिनींसमोर जायची. तुमच्या अंगणात इकडे स्टुलावर लॅपटॉप आणि तिकडे चुलीपाशी वहिनी. त्यांना अक्षरओळख नाही. आपण काहीही समजावून सांगायचं नाही, हा नियम. त्या फुंकणी खाली ठेवून एकदा बघायच्या आणि काय दिसलं तेवढं सांगायच्या. एकदा मी मोठ्या कष्टाने रंगीत गोल आलेख केला होता, तलावात कुठल्या जातीची मासोळी किती ते दाखवणारा. वहिनी म्हणाल्या, "पपई कापली वाट्टे." आलेख तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी आपण तलावावर गेलो. जाळ्यात आलेल्यातली जुनी देशी मासोळी एका टोपलीत आणि बाहेरच्या बियाण्याची दुसऱ्या टोपलीत टाकून, दोन्ही टोपल्या शेजारी ठेवून फोटो काढला. वहिनींनी चुलीपासूनच सांगितलं, आपली मासोळी तळाला गेली. आता नवीन मुलंमुली माझ्याकडे प्रेझेंटेशन शिकायला येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी ही पपईच सांगते.

आणि ते 'बी'चं बटण. स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, हे तुम्हाला कुठून कळलं देव जाणे. महत्त्वाचं बोलायचं असलं की पडदा विझवायचा, लोकांनी आपल्या तोंडाकडे पाहिलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. तुम्ही भर सभेत दाबायचात आणि मग सावकाश बोलायचात. मी कधी दाबलं नाही. काळ्या पडद्यासमोर उभं राहायचं म्हणजे मला उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं. तुम्ही दर वेळी चिडवायचात आणि मी दर वेळी 'पुढच्या खेपेस' म्हणायचे.

तुम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतात. आम्हाला साधेपणाचे धडे द्यायचे आणि स्वतः शेवटच्या स्लाइडवर डावीकडून उड्या मारत येणारी हिरवी मासोळी टाकायची, तिच्या पोटावर 'धन्यवाद'. मी म्हणायचे, धन्यवाद तोंडाने म्हणा की, त्याला मासोळी कशाला? तुमचं उत्तर ठरलेलं. "पोट्टे हासतेत. हासत घरी गेलेला मानूस पुढच्या सभेले येते." किती वर्षं भांडलो आपण त्या मासोळीवरून. तुम्ही दवाखान्यात गेलात त्याच्या आदल्या आठवड्यातही मी ती पुसली होती आणि तुम्ही गुपचूप परत टाकली होती. भांडण अर्धवट टाकून जो निघून जातो तोच जिंकतो, हे मला आता कळतं आहे.

आता नकाशाचं सांगते.

तुमच्या गावच्या मोठ्या तलावाचा गाळ काढायचं ठरत होतं. धानाला शेवटचं पाणी पुरावं म्हणून शेतकऱ्यांना खोली हवी होती. मच्छीमारांना उथळ काठ हवा होता, कारण मासोळी तिथल्या गवतात अंडी घालते. दोघांचंही जमणार होतं. पारीवर, म्हणजे बांधावर उभं राहिलं की उजव्या हाताचा कोपरा गाळाने भरलेला, तो खणायचा. डाव्या हाताच्या कोपऱ्यात गवत आणि आपोआप उगवणारं देवधान, त्याला धक्का लावायचा नाही. मी उपग्रहावरून घेतलेला फोटो पडद्यावर लावला आणि गावाला विचारलं, दाखवा तुमचे कोपरे. लोक माना वाकड्या करून बघायला लागले. मग कौतिकाबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उभा जन्म त्या तलावात मासोळी धरण्यात गेलेला. पडद्याला नाक लावून त्यांनी पाहिलं आणि निकाल दिला. "हा आपला तलाव नाई."

मी समजावत बसले. तुम्ही लॅपटॉपपाशी आलात आणि फोटो उलटा फिरवलात. तुमच्या गावात तलाव पारीवरूनच बघतात. पाठीशी गाव, पायाखाली पार, समोर पाणी. त्या तलावाची पार आहे उत्तरेला. शाळेतल्या शिस्तीप्रमाणे उत्तर वर ठेवली की पार वर जाते आणि बघणारा माणूस पाण्यापलीकडच्या जंगलात जाऊन उभा राहतो. पार खाली आली मात्र, समाजमंदिरात एकच गलका झाला. कौतिकाबाईंनी बांबूच्या काडीने आधी स्वतःचा डोंगा बांधायची जागा दाखवली, मग दोन्ही कोपरे.

परतताना तुम्ही म्हणालात, "ज्याचा हात, त्याचा नकाशा. बोट कोन ठेवनार हाये थे आंदी पाह्यचं."

तोच नकाशा मी गाळाच्या मंजुरीसाठी गोंदियातल्या एका सरकारी बैठकीत तसाच दाखवला. तिथल्या एका साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, मॅडम, ये उत्तर दिशा नीचे कब से हो गई? सगळा हॉल हसला. पुढे मी काय बोलले ते आजही आठवत नाही. तुम्ही परतीच्या गाडीत म्हणालात, हसू दे, खणायचं कुठे ते त्यांना समजलं ना? पण हसू तुमच्यावर आलेलं नव्हतं, माझ्यावर आलं होतं.

महिन्याभराने त्याच हॉलमध्ये शेवटची बैठक लागली. माझ्याबरोबर गावातल्या एकाच माणसाला आत घेणार होते. सगळ्यांनी तुमचं नाव धरलं होतं. तुम्ही कौतिकाबाईंचं दिलंत. तलाव तिचा आहे, हात तिनेच दाखवावा, मी बाहेर बाकावर बसतो, म्हणालात. तिला समजावूनही ठेवलंत की पडद्याला भिऊ नको, खाली आपली पार आहे, तू पारीवर उभी आहेस असंच समज. आदल्या दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात. मी फाइल उघडली आणि नकाशा फिरवला. उत्तर वर. पुन्हा ते हसू ऐकावं लागलं तर मी मरून जाईन असं मला वाटत होतं. स्वतःची समजूत घातली की बाईंना तोंडी सांगेन.

सांगितलं नाही. आमचा नंबर एकदम पुकारला, वायर जोडण्यात वेळ गेला आणि साहेबांनी थेट विचारलं, कौन सा कोना छोडना है? कौतिकाबाईंनी पडद्याकडे धड पाहिलंही नाही. जन्मभराच्या सवयीने डावा हात उचलला आणि डावा कोपरा दाखवला. पडद्यावर तो कोपरा गाळाचा होता. मला ते दिसलं, भाऊ. नंतर लक्षात आलं वगैरे काही नाही, त्याच क्षणी दिसलं. साहेब खूश होऊन म्हणाले, बहुत बढ़िया, सब क्लिअर है, आगे चलिए. त्या हॉलमध्ये मला पहिल्यांदाच कुणी चांगलं म्हटलं होतं. मी पुढची स्लाइड लावली.

कागदावर खूण झाली, खाली कौतिकाबाईंचा अंगठा झाला. उन्हाळ्यात मशीन आलं. लोक धावत गेले तेव्हा चालकाने तो अंगठा दाखवला. अर्ज घेऊन गोंदियाला जाऊन येईपर्यंत डावा कोपरा खणून झाला होता. देवधान गेलं, गवत गेलं, गाळ होता तिथेच राहिला. गावाने दोष दिला तो कौतिकाबाईंना. म्हातारीला डावं-उजवं समजत नाही, हिला कशाला पाठवली, असं तिच्या तोंडावर बोलू लागले. पोरं रस्त्यात तिला बघून डावा हात वर करायची.

तुम्ही मला एकदाच विचारलंत. ऑफिसच्या मागे नळावर आपण डबे धूत होतो.

"नकाशा तूच फिरवला काय?"

मी म्हटलं, नाही भाऊ, त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल तशीच उघडली. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि 'बरं' म्हणालात. तोवर तुम्हाला कॉम्प्युटर माझ्याइतकाच कळत होता. नकाशा आपोआप उलटा होत नाही हे तुम्हाला समजणार नाही, असं मला का वाटलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पुढे कौतिकाबाई रस्त्यात दिसल्या की मी गाडी दुसऱ्या गल्लीत वळवायचे.

गेल्या हिवाळ्यात आपण बोदलकशाला गेलो होतो, तिथल्या मच्छीमारांना आपलं काम दाखवायला. सभा छान झाली. तुमची हिरवी मासोळी तिथेही उड्या मारून आली. नंतर जलाशयाच्या काठावर आपण चिवडा खात बसलो. त्या दिवशी मी सांगणारच होते. 'भाऊ, एक बोलायचं होतं,' इतकं बोललेही. आणि गप्प झाले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. पाण्याकडे बघत नाटकाचं काढलंत. नट वाक्य विसरला की कच्चा प्रॉम्प्टर लगेच ओरडतो, पक्का थांबतो, म्हणालात. "त्याले वाक्य माईत राहते. भेवानं अटकते. आपन घाई केली तं थे वाक्य आपलं होते, त्याचं नाई राहत." मी विचारलं, आणि त्याला आठवलंच नाही तर? तुम्ही हसलात. "थांबाचं. आपल्याले कुठी जाचं हाये?"

मला वाटलं, म्हातारा जुन्या आठवणीत रमला. चिवडा संपवला, पाणी प्यायलो आणि गाडी पकडली.

रविवारी समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. गाणं लावलं नाही म्हणून अध्यक्ष थोडे नाराज होते. पहिली स्लाइड लावली, तुमच्या गावचा तलाव, पार खाली. मागून कुणीतरी म्हणालं, आपला तलाव. दुसरी लावली, तोच तलाव, पार वर. मग मी बी दाबलं.

पडदा काळा झाला. पहिल्या ओळीत वहिनी, त्यांच्या शेजारी कौतिकाबाई आणि माझ्या पाठीशी काही नाही. मी म्हटलं, कौतिकाबाईंचा हात बरोबर होता, नकाशा उलटा होता. तो मी फिरवला, मला कुणी हसू नये म्हणून. चूक दिसली तेव्हा मी गप्प बसले आणि भाऊंनी विचारलं तेव्हा त्यांच्याशी खोटं बोलले. तीन वर्षं गावाने बाईंना जे ऐकवलं ते माझ्या वाट्याचं होतं. एवढंच होतं, भाऊ. एका श्वासात संपलं.

मागच्या बाजूने कुणीतरी चिडून बोलायला लागलं, ते रास्तच होतं. कौतिकाबाई वहिनींच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि त्याला गप्प केलं.

"मले माईत होतं," त्या म्हणाल्या. "यादोरावनं त्याच साली सांगतलं. माह्या आंगनात येऊन पाया पडला तुह्यासाठी. म्हने, पोरगी सोताच सांगल, तू जराक थांब. मी म्हटलं, लोक मले हासून राहिले, किती दिस थांबू? म्हने, मीबी थांबतो तुह्यासंगं." मग माझ्याकडे वळल्या. "थो थांबला, मी थांबली. तूच उशीर केला."

मी रडले. शोकसभेत रडायला कारण द्यावं लागत नाही, तेवढीच सोय.

तेव्हापासून मला तुमच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटतो आणि तुमचा भयंकर रागही येतो. माझं वाक्य माझ्या तोंडून यावं म्हणून तुम्ही तीन वर्षं विंगेत उभे राहिलात, हे ठीक. पण त्या म्हातारीला का उभं केलंत? ती हसं सोसत होती आणि तुम्ही माझी वाट बघत होतात. मला एकदा खडसावून सांगायला काय झालं होतं? यावर आपलं जोरदार भांडण झालं असतं. तुम्ही खर्रा मळत ऐकून घेतलं असतंत आणि शेवटी काहीतरी असं बोलला असतात की मला दोन दिवस झोप लागली नसती. तेही आता होणार नाही.

काळ्या पडद्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. कुणीतरी म्हणालं, मॅडम, झालं का? मी चाचपडत बटण दाबलं आणि तुमची मासोळी डावीकडून उड्या मारत आली. तिसरी स्लाइड तीच होती. पुसायला हात धजला नव्हता. आधी पोट्टे हसले, मग वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग समाजमंदिरात कोण हसतं आणि कोण रडतं ते कळेनासं झालं. ठीक आहे, भाऊ. मासोळी राहू दे.

निघताना कौतिकाबाईंनी माझं मनगट धरलं. पाणी उतरलं की डाव्या कोपऱ्यात पुन्हा गवत लावायचं आहे, सगळ्या बायका येणार आहेत, तूही ये, म्हणाल्या. आणि तो पडदा-बिडदा आणू नको. मी येते म्हटलं.

आता एकच राहिलं आहे. गावाला सांगून झालं, कौतिकाबाईंना सांगून झालं. पण नळावर तुम्ही मला जे विचारलं होतंत, त्याला मी दिलेलं उत्तर अजून तेच आहे. ते खोडून घ्या.

हो भाऊ. मीच फिरवला.